मोडावरचा माणूस

भिलाईच्या हुडको वसाहतीत थंडी पडली की सकाळी गाड्या एका झटक्यात सुरू होत नाहीत. सेल्फ दाबा, खॉक खॉक, परत दाबा, आणि मग कुठल्या तरी घरातून आवाज येतो, "अबे, किक मार ना!" सेक्टरातल्या क्वार्टरमधून सायकल काढून मी दादाकडे चहाला निघतो, तेव्हा रस्ताभर हेच ऐकू येतं. या दिवसांत स्टील प्लांटचा धूर वर जात नाही, पाण्याच्या टाकीच्या उंचीवर पसरून बसतो. उतई गावाकडून धानाच्या मळणीचा वास येतो, कोरड्या तणसाचा, नाकात खाज सोडणारा. बायको म्हणते, किती मस्त दिवस आहेत. असतील बाप्पा. मला मात्र नोव्हेंबर संपत आला की ही थंडी नकोशी होते, ती थेट होळीपर्यंत. सात वर्षं झाली याला.

उगाच गोल गोल फिरवत बसणं मला जमत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. सात वर्षांपूर्वीच्या थंडीत आम्ही पाच जण मोटारसायकलींवर भिलाईहून राजस्थानच्या वाळवंटात गेलो होतो. तिथे रस्त्याच्या एका मोडावर, वळणावर, मला उभं राहायचं होतं. मी राहिलो नाही. आणि माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला, दादाला, मी सांगितलं, की मी उभा होतो.

त्या थंडीचं सगळं आठवतं, हाच तर त्रास आहे. विसरलो असतो तर बरं झालं असतं. निघायच्या आधीचे आठ दिवस दादाच्या अंगणात नुसती जत्रा होती. आम्हा प्लांटवाल्यांकडे कुठले आले रायडिंगचे बूट! ड्यूटीचे सेफ्टी शूजच घासून पुसून काढले. छातीला वारं लागू नये म्हणून जॅकेटच्या आत घालायला जुने पेपर गोळा केले. वहिनीनं तिखट पुऱ्यांचा डबा भरला, लसणाचं तिखट वेगळं, आणि शेजारच्या साहूजींच्या घरून ठेठरी-खुरमीचा फराळ आला. साहूजी आमचे पुढारी, पुढची गाडी त्यांची. मी आणि प्लांटच्या रेल मिलमधले माझे दोन सोबती मधे. आणि सगळ्यांच्या मागे दादा.

मागे दादाच असणार, यावर चर्चाच झाली नाही. दादा मालगाडीचा गार्ड. दुर्ग लाइनवर पंचवीस वर्षं गाडीच्या शेपटाशी बसलेला माणूस. गाडीच्या शेवटच्या डब्यामागे एक पिवळी पाटी असते, तिच्यावर काळ्या अक्षरांत एलव्ही लिहिलेलं असतं. म्हणजे हा शेवटचा डबा. स्टेशनातून गाडी जाताना तिथला माणूस ती पाटी बघतो. पाटी दिसली तर गाडी पुरी आली. नाही दिसली तर डबे मागे कुठे तरी सुटलेत, आणि मग त्या रुळावर दुसरी गाडी सोडत नाहीत. दादानं पत्रा कापून तश्शीच पाटी रंगवली आणि आपल्या मोटारसायकलच्या मागे तारेनं बांधली.

"आता नियम ऐका," त्यानं आम्हाला अंगणात उभं करून सांगितलं. "पुढचा वळला का त्याच्या मागचा मोडावर थांबन. सगळ्याईले हात दाखवन. माही पाटी दिसली का मंगच हलन. समोरून मी येताना दिसलो म्हनून निंगायचं नाही. पाटी मागं राह्यते. माही पाठ दिसली पायजे."

"और मोड़ पे कोई नहीं दिखा तो?" साहूजींनी विचारलं.

"तर सीधा," दादा म्हणाला. "माणूस नाही, म्हंजे मोड नाही."

हा नियम माझ्या तर रक्तातच असायला हवा होता. आमचे बाबा लाखांदूरकडची धानाची शेती सोडून भिलाईजवळच्या नंदिनीच्या चुन्याच्या खाणीत लागले होते. खाणीत सुरुंग उडवायच्या आधी एक भोंगा होई, उडवून झाल्यावर दुसरा, आणि रस्त्यावर एक माणूस लाल झेंडी घेऊन उभा राही. तो माणूस म्हणजे आमचे बाबा. उन्हातान्हात, कधी कधी तासभर. एकदा मी शाळेतून येताना त्यांच्याजवळ थांबलो आणि म्हणालो, बाबा, घरी चला, आईनं जेवण वाढलं आहे. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "दुसरा भोंगा झाल्याबिगर पाय हलत नाही आपला," म्हणाले. दादा तेव्हा माझ्यासोबतच होता. त्यानं ते ऐकलं आणि जन्मभर लक्षात ठेवलं. मीही ऐकलं होतं.

रस्त्याचे दिवस फार चांगले गेले, हे मला कबूल करावंच लागेल. कवर्ध्याच्या पुढच्या घाटात धुकं एवढं, की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसे. जबलपूरच्या अलीकडे ढाब्यावर चुलीशी हात शेकत बसलो तेव्हा हातमोज्यांना पोह्यांचा वास लागला. मध्य प्रदेशात गव्हाची हिरवी शेतं, राजस्थानात शिरलो तशी ती विरळ होत गेली, मग नुसती खेजडीची झाडं आणि बाभळी, मग तेही नाही. बिकानेर सोडल्यावर वाळू रस्त्यावर येऊन बसलेली. दातांत वाळू, कानांत वाळू, तिखट पुऱ्यांतही वाळू. मी आयुष्यभर शेडखाली काम केलेला माणूस, लाल तापलेले रूळ डोळ्यांसमोरून जाताना पाहिलेला. एवढं रिकामं आकाश मी कधी बघितलं नव्हतं. दर मोडावर कुणी तरी थांबे, बाकीचे जात, शेवटी दादा येई, त्याची पिवळी पाटी दिसे, आणि थांबलेला माणूस हात उंच करून दादाला ओलांडून पुढे जाई. दादा प्रत्येक वेळी डावा हात आडवा धरून उत्तर देई, गार्ड हिरवी झेंडी धरतो तसा. आम्ही हसायचो त्याला. तो म्हणे, "हसा लेकहो, पन हात करा."

तो मोड जैसलमेरच्या अलीकडे होता. डांबरी रस्त्यावरून उजवीकडे एक बारीक रस्ता वाळूच्या टेकड्यांकडे जात होता. साहूजी वळले, त्यांच्या मागे मी होतो, म्हणून मी थांबलो. दोघं सोबती आले, गेले. दादा मागे होता. त्याच्या सामानाची दोरी ढिली झाली होती, ती बांधायला तो थांबला होता, हे सोबती जाता जाता सांगून गेले होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. सूर्य खाली येत होता. टेकड्यांवर सूर्यास्त बघायचा म्हणून तर आम्ही जवळजवळ दोन हजार किलोमीटर आलो होतो, आणि मी तिथे एका खेजडीखाली बकऱ्यांच्या लेंड्या मोजत उभा! रेल मिलमध्ये सूर्य कधी बुडतो ते मला वर्षानुवर्षं कळलेलं नाही. चिडचिड झाली माझी. तेवढ्यात लांबून एक दिवा येताना दिसला. मोटारसायकलचाच. आला बाप्पा एकदाचा, असं म्हणून मी हात उंच केला, गाडी सुरू केली आणि वळलो.

थोडं पुढे जाऊन मी आरशात बघितलं. तो दूधवाला होता. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले. तो मोडावरून सरळ निघून गेला.

आरशात मला तो स्पष्ट दिसला. परत फिरायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी फिरलो नाही. मनात म्हटलं, दादाला काय, चाकांचे माग दिसतील वाळूत, येईल तो. आणि ॲक्सिलरेटर पिळला. सूर्यास्त सुंदर होता. आता खोटं कशाला बोलू? टेकडीच्या कडेवर सूर्य बुडाला, वाळू आधी तांबडी झाली मग राखाडी झाली, आणि मी गरम कांद्याची भजी खात ते सगळं पाहिलं. "भैया कहाँ हैं?" साहूजींनी विचारलं. "आ रहे हैं पीछे," मी म्हणालो. तोंडात भजं होतं.

दादा मोडावर आला तेव्हा तिथे कुणी नव्हतं. माणूस नाही म्हणजे मोड नाही. तो सरळ गेला. चार-पाच किलोमीटरवर रस्ता वाळूत बुडाला होता, गाडी घसरली, आणि दादाचा पाय तिच्याखाली आला. तापलेला सायलेन्सर पोटरीला चिकटला. फोनला नेटवर्क नाही. एक म्हातारा मेंढपाळ बकऱ्या परत नेत होता, त्यानं गाडी उचलून दादाला बाहेर काढलं. साहूजी आणि मी शोधत पोचलो तेव्हा उजेड सरत आला होता. म्हाताऱ्याच्या झोपडीसमोर खाटेवर दादा बसला होता, गुडघा सुजून पँट ताणलेली, हातात बकरीच्या दुधाचा चहा. आम्हाला बघून पहिलं वाक्य काय बोलला? "सगळे पोचले ना?"

मग त्यानं विचारलं, "मोडावर कोन होतं?"

"मी होतो ना दादा," मी म्हणालो. जिभेला काही हाडच नव्हतं. "मी उभाच होतो. तू समोरून सरळ निघून गेला. लय हाका मारल्या."

"आणि तू पीछे कावून नहीं गया यार?" साहूजी अर्ध्या मराठीत माझ्यावर भडकले.

"वाटलं, वळून येईल." ती छोटी चूक मी आनंदानं पत्करली. तिच्या मागे मोठी लपून गेली.

दादा माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. काही तरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा. मग हळूच म्हणाला, "अस्सं? मले नाही दिसला रे तू."

परतीच्या रस्त्यावर, गाड्या रेल्वेत चढवून आम्ही डब्यात बसलो होतो तेव्हा, सगळ्यांनी दादाची मजा केली. गार्डसाहेबांचा सिग्नल सुटला म्हणे. दादाही हसला थोडा. मी तर सगळ्यात मोठ्यानं हसलो.

गुडघा बरा झाला. पण दादा लाइनवर परत गेला नाही. दुर्गच्या लॉबीत त्याला टेबलावर बसवलं, जिथे ड्रायव्हर आणि गार्ड गाडीवर जायच्या आधी सही करायला येतात. पंचवीस वर्षं जो स्वतः सही करून बाहेर पडत होता, तो आता दुसऱ्यांपुढे रजिस्टर सरकवतो. मी स्वतःला समजावत आलो, की गुडघ्यामुळे. त्याचंही पाप माझंच, पण गुडघ्याचं पाप एवढंसं. माणूस पडतो, हाड दुखतं. असं म्हणून म्हणून मी सात थंड्या काढल्या. दादानं मोटारसायकल चादर टाकून मागच्या पडवीत उभी केली. दर वर्षी नवा चष्मा केला. डोळ्यांचा डॉक्टर म्हणे, नंबर तोच आहे, तोही नावापुरता, कशाला बदलता? तरी हा बदले. चौकात रस्ता ओलांडताना वहिनीचा हात धरू लागला. मला वाटलं, वय झालं. हे सगळं मी रोज सकाळी चहा पीत बघत होतो, आणि माझ्या टाळक्यात काही उजेड पडला नाही!

यंदा तो पडला. दादाची पोरगी रेवती रायपुरात नोकरी करते, तिनं मोटारसायकल घेतली. चार मित्रमैत्रिणींसोबत तिलाही तिकडेच जायचं होतं, वाळवंटात. गेल्या रविवारी ती आली आणि दादाकडे पाटी मागितली. दादानं माळ्यावरून ती काढली, अंगणात बसून फडक्यानं पुसली. मग खाटेवर पाच वाट्या मांडून तिला मोडाचा नियम समजावू लागला. मी शेजारी बसून चहात बिस्कीट बुडवत होतो.

"पापा, इतना क्या strict, गूगल मॅप है ना," रेवती म्हणाली.

"मॅप ठेव तुह्या खिशात. मोडावर माणूस पायजे. अन् मागच्या माणसाचे डोये पायजेत." दादानं शेवटची वाटी उचलून हातात धरली. "मी कावून लाइन सोडली, ठाऊक हाय तुले?"

"घुटने की वजह से."

"गुडघा तीन महिन्यांत ठीक झाला. डॉक्टर फिट लिहून देऊन राह्यला होता. मीच अर्ज देल्ला. तुहा काका मोडावर उभा होता. ढळढळीत उजेड. हाका मारून राह्यला होता. अन् मी समोरून निंगून गेलो. मले थो दिसलाच नाही, आवाज बी नाही आला. ज्याले आपला सख्खा भाऊ दिसत नाही पोरी, त्यानं हजारो टनाच्या गाडीमांगं झेंडी धरून बसू नये. कोनाचा तरी जीव जाईन."

माझं बिस्कीट चहात तुटून पडलं. वहिनी आतून म्हणाली, अजून एक कप देऊ का. मी नको म्हणालो आणि सायकल घेऊन निघालो. पाण्याच्या टाकीपर्यंत आलो आणि तिथे उतरलो. मी त्याचा गुडघा मोडला असं मला सात वर्षं वाटत होतं. मी त्याचे डोळे काढून घेतले होते. चांगले, धडधाकट डोळे. आणि तो बिचारा दर वर्षी डॉक्टरकडे जाऊन ते परत शोधत होता.

रात्र कशी गेली ते सांगत नाही. सकाळी गेलो. दादा अंगणात उन्हाला पाठ करून बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसलो असतो तर बोललो नसतो. "दादा, मी मोडावर नव्हतो. दूधवाल्याचा दिवा पाहून मी निघून गेलो. आरशात पाहिलं तरी फिरलो नाही. हाका मारल्या म्हणालो ते खोटं होतं. सगळं खोटं."

समोरच्या घरात कुणी तरी गाडी सुरू करत होतं, खॉक खॉक, थांबत होतं, परत करत होतं. मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर मी पाय धरले असते. त्यानं चष्मा काढला, हातात धरला, आणि फार बारीक आवाजात विचारलं, "म्हंजे मोडावर कोनीच नव्हतं?"

"नव्हतं दादा."

"मंग मले बरोबर दिसत होतं."

मी मान हलवली. तो उठला, आत गेला आणि दार लोटून घेतलं.

पाच दिवस मी चहाला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? वहिनीचा फोन आला, "काय बोलले हो तुमी त्याईले? जेवून नाही राह्यले धड. पडवीत जाऊन बसतेत." मी काय सांगणार होतो? लाइन काही परत मिळत नाही. रिटायर व्हायला त्याला तीनच वर्षं उरली आहेत. सात वर्षांच्या सगळ्या गाड्या त्याच्याशिवाय निघून गेल्या, आणि माझ्या एका सूर्यास्तापायी गेल्या. माफी मागायला शब्द शोधत होतो, तर प्रत्येक शब्द मला स्वतःसाठीच सोयीचा वाटत होता.

शुक्रवारी संध्याकाळी दादाचा फोन आला. "उद्या पोरं निंगतेत. सकाळी सात वाजता नंदिनीच्या मोडावर उभा राह्य. पाटी दिसल्याबिगर हलू नको." ठेवून दिला.

मी साडेसहालाच पोचलो. बाबा उभे राहत त्याच रस्त्याला लागून तो मोड आहे. गवतावर दव, हात गारठलेले. सातच्या पुढे पोरं आली. एक, दोन, तीन, चार, आणि शेवटी रेवती. "काका, टाटा!" असं ओरडत ती वळली. मी तिच्या गाडीची पाठ बघितली. पाटी नव्हती. पाचांतल्या एकाही गाडीवर नव्हती.

आता काय करावं? नियम म्हणजे नियम. उभा राहिलो. साडेसात झाले, आठ झाले. खाणीकडे जाणारे ट्रक धूळ उडवत गेले. एक ओळखीचा माणूस म्हणाला, कोणाची वाट पाहता? मी म्हटलं, भावाची. मला वाटू लागलं, दादानं शिक्षाच दिली आहे, पाटी येणारच नाही, आणि मी इथेच उभा राहायचं आहे. मला ते पटलं. संध्याकाळपर्यंत उभा राहिलो असतो मी, उद्यापर्यंतही. ऊन डोक्यावर येत चाललं होतं. पाय भरून आले, मी ते हलवले नाहीत.

मग लांबून एक गाडी आली. दिवा लावून, हळूहळू, मधेच फटफट अडखळत, फार दिवस उभी राहिलेली गाडी सकाळभर किका मारून सुरू केली की चालते तशी. मी हात उंच केला नाही. समोरून दिसलं म्हणून हात करायचा नाही. जवळ आली तेव्हा हेल्मेटच्या आतला चेहरा दिसला. दादा होता. डोळ्यांवर चष्मा नव्हता.

माझ्यासमोर त्यानं गाडी अगदी हळू केली, पण थांबवली नाही. सरळ माझ्याकडे बघितलं, डोक्यापासून सेफ्टी शूजपर्यंत.

"दिसला," तो म्हणाला.

आणि मोडावरून वळून पोरांच्या मागे गेला, सगळ्यांच्या शेवटी. डावा हात त्यानं आडवा धरला होता. मागे तारेनं बांधलेली पिवळी पाटी मला नीट दिसली. दिसली तरी मी हललो नाही.